उताण्यांचं घराणं

सासरच्या सगळ्या काका-आत्यांची नावं पाठ होण्याआधी मला एका प्राण्याच्या घराण्याचं नाव पाठ झालं होतं. स्ट्रेप्टोसेफॅलिडी. आजही झोपेतून उठवून विचारलं तर बिनचूक म्हणेन. त्याचा अर्थ साधारण ‘वळलेल्या डोक्याचे’ असा होतो. हे कळल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, की मग ते आपल्याच नात्यातले दिसतात, आणि म्हणताना त्यांनी पाहिलं होतं माझ्याकडे.

नावांविषयी लिहायला बसले आहे आणि एकाही माणसाचं नाव लिहिणार नाही, हे वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. त्याला कारण आहे, ते ओघानं येईल.

माझं लग्न दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत झालं. माहेर कोरेगावचं, वडील तिथं शाळामास्तर. सासरची माणसं मूळची साताऱ्याची, पण माझे यजमान सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणून बिऱ्हाड सांगलीत. बिऱ्हाड म्हणजे पेठेच्या मागच्या बोळात माडीवरच्या दोन खोल्या आणि पुढं गच्ची. खालून हळदीच्या गाड्या जायच्या, त्यामुळं वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरालाही कधीकधी हळदीचा वास यायचा. माणसं तीनच. हे, मी आणि सासूबाई. हे लहान असतानाच सासरे गेले होते आणि सासूबाईंनी एकट्यानं ह्यांना वाढवलं होतं.

घरात पाऊल टाकल्यावर लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. मी शेजारीच बसले होते. अक्षरं लागत होती, पण ती माझ्याबद्दल आहेत हे कळायला थोडा वेळ लागला. मग साखर वाटली गेली, बायकांनी नव्या नावानं मला हाका मारून पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. मी तो खाल्लाही.

तेव्हा सगळ्याच मुलींची नावं बदलत. माझ्या मैत्रिणींना त्याचं काही वाटत नसे, एकदोघींना तर नवं नाव जास्त आवडलं होतं. मला मात्र फार वाईट वाटलं. ते नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं होतं. आईकडची, वडिलांकडची सगळी माणसं वेगवेगळी नावं सुचवत असताना वडील गप्प बसले होते आणि बारशाच्या दिवशी त्यांनी स्वतःच ते आत्याच्या कानात सांगितलं होतं. पाटीवर पहिलं अक्षरही त्यांनी मला ‘श्री’चं नव्हे, तर माझ्या नावाचं काढायला शिकवलं. घरात त्यावरून थोडी कुरबुर झाली होती म्हणे. असं नाव कुणी न विचारता काढून घ्यावं आणि वर साखर वाटावी, याचा मला राग आला.

मी ह्यांना विचारलं, हेच नाव का. हे म्हणाले, आईनं सुचवलं, मला काय, कुठलंही चाललं असतं. त्या ‘कुठलंही’ला मी पुढं पुष्कळ वर्षं धरून बसले. सासूबाईंना विचारायचं धाडस करायला मला महिना लागला. त्या भाकरी थापत होत्या. ‘आवडतं मला ते’, एवढंच म्हणाल्या आणि परातीतलं पीठ पुन्हा मळायला लागल्या.

मग मी एक गोष्ट केली, ती आज सांगताना लाज वाटते. नव्या नावानं हाक आली की मी पटकन ओ देत नसे. ऐकू येई, पण मी माझं काम चालू ठेवी. सासूबाई पुन्हा हाक मारीत. पुन्हा मारीत. चौथ्या-पाचव्या हाकेला मी ‘काय म्हणालात?’ असं म्हणून जाई. त्या बिचाऱ्यांना वाटलं, सून कानानं अधू आहे आणि माहेरच्यांनी ते लपवलं. कुणाला काही न बोलता त्यांनी तेलात लसूण कढवला, मला मांडीवर डोकं ठेवायला लावलं आणि रोज दोन्ही कानांत दोन-दोन थेंब सोडायला सुरुवात केली. मी आठ दिवस ते सोसलं. खरं सांगायची छाती झाली नाही. नवव्या दिवशी मी पहिल्या हाकेला ओ दिली, तेव्हा त्यांनी देवापुढं साखर ठेवली.

ह्यांच्या बाटल्यांची ओळख तोवर झाली होती. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली फळी होती आणि तिच्यावर बाटल्या. बेडूक, गोमा, कृष्णेच्या घाटावरचे शिंपले, काय काय. औषधाचा उग्र वास. सासूबाईंनी नियम घालून दिला होता की बाटली आतल्या उंबऱ्याच्या अलीकडं येता कामा नये आणि बाटलीला लावलेला हात धुतल्याशिवाय पाण्याला लागता कामा नये. हे तो नियम पाळीत. पण ह्यांना एक गोष्ट काही केल्या जमत नसे, ती म्हणजे चित्र. प्राण्याचं चित्र काढल्याशिवाय त्याच्याविषयी लिहिता येत नाही, आणि ह्यांनी काढलेला खेकडा आणि ह्यांनी काढलेला विंचू यांत मला फरक कळत नसे. एकदा मी हसले. हे रागावून म्हणाले, मग तू काढ.

मी काढला. मला रांगोळीचा हात होता. प्राण्यांच्या चित्रात सावली रेघांनी भरायची नसते, टाकाच्या टोकानं ठिपके देऊन भरायची असते. जिथं अंधार तिथं दाट, जिथं उजेड तिथं विरळ. ठिपक्यांचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. भिंगाखाली एक डोळा ठेवायचा आणि दुसरा कागदावर, एवढंच नवं होतं. चार दिवसांत ते जमलं. त्यानंतर घरातली चित्रं माझ्याकडं आली, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, ठिपक्यांच्या गर्दीत, मी माझ्या माहेरच्या नावाचं पहिलं अक्षर लपवू लागले. ते कुणाला दिसलं नाही.

श्रावणात पंचमीला मी माहेरी गेले. कोरेगावच्या जवळ जरंडेश्वराचा डोंगर आहे. वर सपाट काळा कातळ, आणि पावसाळ्यात त्यातल्या खळग्यांत गुडघाभर पाणी साचतं. लहानपणी आम्ही मुली वर गेलो की त्या पाण्यात ओणवं होऊन बघत बसायचो. त्यात बोटाच्या पेराएवढे, जवळजवळ आरपार दिसणारे जीव असत. पाठ खाली, पोट वर, असे उताणे पोहायचे आणि पोटावरचे पाय सारखे झुलत असायचे. आम्ही त्यांना उताण्या म्हणायचो. खाऱ्या शेंगदाण्याच्या रंगाच्या उताण्या वेगळ्या, पोटाला पिशवी असलेल्या वेगळ्या. पाणी आटलं की उताण्या नाहीशा होत आणि पुढच्या पावसाळ्यात कुठून येत ते आम्हांला कोडं होतं.

त्या वर्षी त्या बघताना पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की उताण्या ह्यांच्या फळीवर नाहीत. मी आईची लोणच्याची रिकामी बरणी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेले. तीत पाणी घेतलं, वीस-पंचवीस उताण्या घेतल्या, आणि तळाची दोन ओंजळी मातीही घेतली, म्हणजे त्यांना घरच्यासारखं वाटेल.

कोरेगावहून मिरजेच्या गाडीत मी बरणी मांडीवर धरून बसले. समोर एक म्हातारे पाटील होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘आवं ताई, बरनीत काय हाय म्हनायचं?’

मी म्हटलं, पाण्यातले किडे, सांगलीला नेते आहे.

‘आनि सांगलीत किडं मिळंनात व्हय?’ ते म्हणाले, आणि डब्यातल्या सगळ्यांना हसू आलं. मलाही आलं.

घरी पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त उताण्या मेल्या होत्या. बरणी मी तीनदा घासली होती, पण मीठ आणि मोहरी मुरलेली बरणी ती, घासून काय होणार. उरलेल्या उताण्या ह्यांनी भिंगाखाली धरल्या, एकेक उलटवून बघितली. मग म्हणाले, हे तू कुठून आणलंस.

त्या आठवड्यात मला नावांचं शास्त्र कळलं. हे सांगत आणि सासूबाई आतल्या उंबऱ्यावर बसून ऐकत. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द घराचा, दुसरा त्याचा स्वतःचा, म्हणजे हजेरीपटात आडनाव आधी लिहितात तसं. त्यानंतर, ज्यानं नाव दिलं त्याचं नाव. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे बापाचं लागतं तसं, आणि आईचं कुठं लागतं? हे हसले. मग अशी पुष्कळ घरं मिळून घराणं, आणि घराण्याचं नाव त्यातल्या एका मानाच्या घरावरून पडतं. त्या घराच्या नावाला एकच एक ठरलेलं शेपूट लावायचं, की झालं घराण्याचं नाव. आपल्याकडं गावाच्या नावाला ‘कर’ लावतो तसं. उताण्यांच्या घराण्याचं नाव असं स्ट्रेप्टोसेफॅलिडी. त्यांच्या नराच्या डोक्यावरचे चिमटे वळलेले असतात म्हणून ‘वळलेल्या डोक्याचे’. फार लहान घराणं, ह्यांच्याखेरीज सांगलीत ते कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

ह्यांना वाटत होतं, ह्या उताण्या नव्या आहेत. त्यांच्या चिमट्यांचा वळसा पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळत नव्हता. पुस्तकं म्हणजे तरी काय, दोन जुनी, आणि त्यांतलं एक पानं गळालेलं. पण तसं वाटलं आणि हे माझ्याकडं बघून म्हणाले, की नवी निघाली तर नाव ह्यांनीच द्यायचं. स्वतःचं देत नाहीत, ते बरं दिसत नाही. पण दुसऱ्या कुणाचं देता येतं. बाईचं दिलं तर त्याला लॅटिनमधला बाईचा प्रत्यय लागतो.

‘कुणाचं देणार?’ मी विचारलं.

‘जिला ती सापडली तिचं.’

‘कुठलं?’

ह्यांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांना समजलं. ‘तुझं. पहिलं,’ हे म्हणाले.

त्यानंतरचे पाच महिने मी ज्या आनंदात काढले, तसा आनंद मला आधी माहीत नव्हता. नराच्या डोक्यावरचा एक चिमटा मी अकरा वेळा काढला. भांडी घासायची, पाणी भरायचं आणि दुपारी उजेड चांगला असेल तेव्हा खिडकीशी बसायचं. माझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव छापलं जाणार होतं, आणि एकदा छापलेलं असं नाव कुणाला बदलता येत नाही. नियमच तसा आहे. आधी दिलेलं नाव कायमचं. ते कितीही वेडंवाकडं असलं, देणाऱ्यानं चुकून दिलं असलं, तरी. नंतर कुणी दुसरं दिलं तर ते खाली यादीत जातं. पुसत नाहीत, पण चालतही नाही. हे ऐकून मला जगात कुठंतरी न्याय आहे असं वाटलं होतं. मला ते नाव तिथं हवंच होतं. इतकं हवं होतं, की दिवाळीला वडिलांना पत्र लिहिताना मी तीनदा ते लिहायच्या बेतात आले आणि तीनदा कागद फाडला.

सासूबाईंचा या सगळ्यात एकदाच हात लागला. ह्यांनी बरणीतली माती एका थाळ्यात घालून गच्चीवर वाळत ठेवली होती. एके सकाळी बघतो तर निम्मी नाही. सासूबाईंनी त्या मातीनं चूल सारवली होती. चांगली चिकट माती आहे, कोरेगावची का, असं वर विचारत होत्या. हे चुलीसमोर उभे राहून बघतच राहिले. त्या मातीत अंडी होती, खसखशीहून बारीक. पाणी आटलं, माती तडकली, वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली तरी ती मरत नाहीत, आणि पाणी मिळालं की फुटतात. आमच्या चुलीत त्या घराण्याच्या किती पिढ्या गेल्या कोण जाणे. सासूबाईंना हे समजल्यावर त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. दोन दिवस त्या चुलीवर त्यांनी स्वयंपाक केला नाही, शेगडीवर केला.

मग उरलेल्या मातीवर परातीत पावसाचं धरून ठेवलेलं पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी पाण्यात धुळीचे कण हलायला लागले. हलता हलता मोठे झाले आणि पंधरवड्यानं उताणे होऊन पोहायला लागले. सासूबाई बाटलीला कधी शिवल्या नव्हत्या, पण परातीशी तास-तास बसत. ऊन आलं की परात सावलीत सरकवीत. एकदा मला म्हणाल्या, वाळून माती झालेलं कुणी परत येतं होय गं? मी म्हटलं, येतं, बघा की. त्या परातीवर आणखी वाकल्या. माझं अर्धं लक्ष चित्रात होतं.

पौषात चित्रं आणि दोन बाटल्या लाकडी पेटीत भुसा घालून कलकत्त्याला एका जाणकारांकडं गेल्या. लढाईमुळं टपालाचं काही खरं नव्हतं. फाल्गुन गेला, चैत्र गेला. आषाढात, एका दुपारी, उत्तर आलं.

पत्र सभ्य होतं. चित्रांची तारीफ होती, इतकी चांगली चित्रं क्वचित बघायला मिळतात असं लिहिलं होतं. पण ह्या प्राण्याला कितीतरी वर्षांपूर्वीच नाव दिलेलं आहे, वर्णन छापलेलं आहे, त्यामुळं नवं नाव देता येणार नाही. आधीचं तेच चालणार. सातारा जिल्ह्यातून मात्र तो कुणी नोंदवलेला नाही, तेवढं टिपण जरूर छापावं.

पत्र घेऊन हे खिडकीशी बसले. मला वाटतं त्यांना माझ्यापेक्षा स्वतःचंच वाईट वाटत होतं, आणि ते साहजिक होतं. मी आत गेले. चुलीजवळ सासूबाई होत्या. त्यांनी विचारलं काय झालं, आणि माझा तोल गेला. एक नाव बापानं दिलं ते तुम्ही तांदळात पुसलंत, म्हटलं. कुणाला विचारलं नाहीत. आता दुसरीकडं कुठं ते राहत होतं तर तिथंही कुणी आधीच बसलेलं निघालं. आणि तुम्हाला आवडतं म्हणून मी जन्मभर कुणाचं तरी नाव वागवायचं. असं बरंच बोलले. आयुष्यात मी सासूबाईंना इतकं उलट बोलले ते त्याच एका दिवशी. त्यांनी ऐकून घेतलं, भात उतरवला आणि आम्हांला दोघांना वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे कॉलेजात गेल्यावर त्या तांदळाचं सूप घेऊन गच्चीच्या दारात बसल्या आणि मला बोलावलं. हाक मारली नाही, हातानं बोलावलं. आम्ही निवडायला लागलो.

‘मी वाईची,’ त्या म्हणाल्या. ‘नऊ वर्षांची होते लग्न झालं तेव्हा. माझं नाव काय होतं, माहीत आहे तुला?’

मी नाही म्हटलं.

‘तुला ज्या नावानं हाक मारते, ते.’

माझ्या हातातला खडा सुपातच पडला. त्या खाली बघूनच सांगत राहिल्या. वाईहून आल्या त्या रात्री त्यांचंही नाव तांदळात गेलं. नवं मिळालं, ते पुढं पंचेचाळीस वर्षं चाललं. आई दुसऱ्या वर्षीच गेली, वडील त्यानंतर. पाठचा भाऊ होता, तो कधी आला तर बोळाच्या तोंडापासून जुन्या नावानं हाका मारीत यायचा. सासरच्यांना ते खपायचं नाही, पण तो ऐकायचा नाही. तो प्लेगात गेला. त्यानंतर त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. नवऱ्याला माहीत नव्हतं, मुलाला कधी सांगितलं नाही. सांगून काय करायचं, हसला असता. मग मुलाचं लग्न ठरलं, सुनेचं नाव काय ठेवायचं असं सगळ्यांनी विचारलं, आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. निघाल्यावर त्यांना स्वतःलाच भीती वाटली होती.

‘तू आलीस आणि ते घरात आलं. मीच हाक मारते आणि मीच ऐकते,’ त्या म्हणाल्या.

मला लसणाच्या तेलाचे ते आठ दिवस आठवले. मी ओ देत नव्हते आणि त्या पुन्हा पुन्हा हाक मारीत होत्या, एकदाही न वैतागता. मला तेव्हा वाटायचं, काय ही चिकाटी. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि रडले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या बापानं ठेवलेलं नाव मी काढून घेतलं हे खरं आहे, मला सुचायला हवं होतं, माझंही कुणी घेतलंच होतं. उद्यापासून तुझं तुला. आणि ह्याला यातलं काही सांगू नकोस.

माझ्या मनात शास्त्र आलंच. एकाच घरात एका नावाच्या दोघी, नियमात बसत नाही. आधी जिचं असेल तिचं ते राहतं, नंतरचीनं सोडायचं. म्हणजे नियमानं ते सासूबाईंचं होतं आणि मी मोकळी होते. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण माझ्या नावाला कोरेगावात अजून चार तोंडं होती. आई होती, वडील होते, दोघी बहिणी होत्या. मी ओटीवर पाय ठेवला की चारी बाजूंनी ते ऐकू यायचं. सासूबाईंच्या ह्या नावाला एकच तोंड होतं, आणि मी सोडलं तर तेही मिटणार होतं.

सकाळी मी खिडकीशी चित्र घेऊन बसले होते. आतून हाक आली. माझ्या माहेरच्या नावानं. सासूबाईंच्या तोंडी ते परकं वाटत होतं, त्या जपून, एकेक अक्षर ठेवल्यासारखं म्हणत होत्या. मी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली. मी ठिपके देत राहिले. मग अगदी हळू, जवळजवळ विचारल्यासारखं, त्यांचं ते जुनं नाव आलं.

‘ओ, आले,’ मी म्हटलं, आणि उठले.

त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. आजही ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण सांगू नकोस म्हणाल्या होत्या, आणि ते मागं घेण्याआधीच त्या गेल्या. त्यांचं लिहीत नाही तर माझंही नको.

टिपण शास्त्राच्या एका मासिकात छापायचं ठरलं. दीड पानाचं, एवढं एवढं पाणी, एवढा एवढा कातळ, इथं हा प्राणी सापडतो. शेवटी चित्रकाराचे आभार मानायची रीत असते. हे म्हणाले, मिसेस आणि आडनाव, असं लिहितात. मी म्हटलं, नाव लिहायचं. ह्यांना वाटलं, मी जुना हट्ट धरून बसले आहे. त्यांचा चेहरा मऊ झाला, म्हणाले, बरं, पहिलं लिहितो, त्यात काय. मी म्हटलं, नाही. आताचं लिहा. सबंध लिहा. हे माझ्याकडं जरा बघत राहिले, पण त्यांनी लिहिलं. चिमट्याचं बारावं चित्र मी त्यासाठी नव्यानं काढलं. त्याच्या कोपऱ्यात काहीही लपवलं नाही.

अंक यायला वर्ष गेलं. हे संध्याकाळी सायकलवरून तो घेऊन आले, चित्राचं पान उघडून मला दाखवलं आणि हातपाय धुवायला गेले. मी तो उंबऱ्याशी नेला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, त्यातून हे इंग्रजी. त्यांनी हात पदराला पुसला. चित्र बघितलं, उताणीच आहे म्हणाल्या. मग विचारलं, नाव कुठं आहे.

मी दाखवलं. बारीक अक्षरांत, पानाच्या अगदी खाली. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. एवढंसंच आहे म्हणाल्या, आणि बोट काढलं नाही.

‘वाच,’ त्या म्हणाल्या.

स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणायची सवय कुणालाच नसते, आणि सासूचं नाव तिच्या तोंडावर घ्यायची तर मुळीच नसते. मी पुटपुटल्यासारखं वाचलं. त्यांनी मान हलवली, ऐकू आलं नाही अशी. मी पुन्हा वाचलं, या खेपेला मोठ्यानं, बोळाच्या तोंडापासून कुणी हाक मारावी तसं.

‘ओ,’ सासूबाई म्हणाल्या.